द्राक्षे युरोपात जातात, म्हणून युरोचा सौदा आपला होत नाही

प्रश्न : माझे वय २९ वर्षे आहे. कृषी पदवी घेतल्यानंतर मी निफाड तालुक्यात वडिलांसोबत सहा एकर द्राक्षबाग पाहतो. आमचा बराचसा माल एका निर्यातदारामार्फत नेदरलँड्सला जातो. उन्हाळ्यात एका मित्राने मला टेलिग्रामवरील एका गटात घेतले. तेथील ‘सर’ मराठीतून परकीय चलनाचे ट्रेडिंग शिकवतात. महिनाभर डेमो खात्यावर सराव केला, तेव्हा रक्कम दुप्पट झाली. मग यूपीआयने खरे २०,००० रुपये भरले. ॲपवर आज ते ३१,४०० दिसतात. ॲप १:५०० लिव्हरेज, म्हणजे भरलेल्या रकमेच्या पाचशेपट सौदा करण्याची मुभा देते. आता सर १,५०,००० रुपये भरून ‘व्हीआयपी’ खाते उघडा म्हणतात. पीककर्जाची रक्कम नुकतीच खात्यावर आली आहे आणि वडिलांना मी अजून काही सांगितलेले नाही. हे ट्रेडिंग कायदेशीर आहे का? आमची द्राक्षे युरोपात जातात, म्हणजे युरोशी आमचा संबंध आहेच, मग हे शिकणे आमच्या हिताचे नाही का? आणि नवख्याने सुरुवात किती भांडवलावर व कशी करावी?
— एक बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘वडिलांना मी अजून काही सांगितलेले नाही’ हे वाक्य मी दोनदा वाचले. तीन प्रश्न तुम्ही मला विचारले आहेत, पण चौथा प्रश्न त्या वाक्यात आहे आणि त्याचे उत्तर बहुधा तुम्हाला ठाऊक आहे. तरीही तुम्ही जे विचारले आहे त्याचे उत्तर नीट द्यायला हवे, कारण ‘हे सगळे फसवे असते, नादी लागू नका’ एवढे सांगून कोणाचे समाधान होत नाही. उलट सांगणाऱ्यालाच यातले काही कळत नाही, असा ग्रह होतो.

आधी कृतीचे सांगतो. दीड लाख रुपये भरू नका. आजच ॲपमध्ये जाऊन संपूर्ण ३१,४०० रुपये काढण्याची विनंती नोंदवा. ‘थोडे काढून बघतो’ असे करू नका. लहान रक्कम परत देऊन विश्वास बसवणे हा या धंद्यातील जुना डाव आहे आणि खरी परीक्षा पूर्ण रक्कम मागितल्यावरच होते. त्यावर ‘आधी नफ्यावरचा कर भरा’, ‘चलन बदलण्याचे शुल्क भरा’, ‘खाते सुरू ठेवण्यासाठी किमान रक्कम पूर्ण करा’ असे उत्तर आले, तर ते २०,००० रुपये गेले असे समजा आणि त्यांच्या मागे आणखी एक रुपयाही पाठवू नका. आयकर हा सरकारला भरायचा असतो. कोणाला तो कापून घ्यायचा असेल तर देय रकमेतून कापून घेतला जातो. त्यासाठी तुम्ही वेगळे पैसे यूपीआयने पाठवावेत अशी पद्धत कोठेही नाही. ॲपचे नाव, तुम्ही ज्या यूपीआय खात्यावर पैसे पाठवले त्याचा तपशील, गटातील संभाषण आणि शिल्लक दाखवणारा पडदा यांचे स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेवा, कारण तक्रारीची कुणकुण लागताच असे गट एका रात्रीत नाहीसे होतात. पैसे अडकले तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवा. येथे तासांना किंमत असते. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्यापूर्वी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची आशा धरता येते.

विनंती मान्य होऊन पैसे परत आले, तरी ते कोणाच्या खात्यातून आले हे पाहा. अनोळखी व्यक्तीच्या बचत खात्यातून आले असतील, तर ती दुसऱ्या एखाद्या फसलेल्या माणसाने भरलेली रक्कम असू शकते. त्या माणसाने तक्रार केली की पैशांचा माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि खात्यातील रक्कम अडकून पडते. ज्या खात्यावर पीककर्ज येते, त्याच खात्यावर असे झाले तर ऐन हंगामात औषधांची उधारी कशी फिटणार, याचा विचार करा.

आता कायद्याचे पाहू. परकीय चलनाचे व्यवहार भारतात ‘परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९’ म्हणजे ‘फेमा’ या कायद्याखाली येतात. आपल्यासारख्या निवासी व्यक्तीला असे व्यवहार केवळ अधिकृत बँकांशी व अधिकृत व्यक्तींशी करता येतात. इलेक्ट्रॉनिक मंचावर करायचे असतील तर तो मंच रिझर्व्ह बँकेने मान्य केलेला असावा लागतो, किंवा ते राष्ट्रीय शेअर बाजारासारख्या मान्यताप्राप्त बाजारात व्हावे लागतात. टेलिग्रामवरून उतरवून घेतलेले ॲप यांपैकी कशातच बसत नाही. परदेशी पैसे पाठवण्याची जी उदारीकृत योजना आहे, तिच्यात व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. परंतु परदेशी बाजाराला किंवा दलालाला मार्जिनपोटी, म्हणजे सौद्याच्या अनामतीपोटी, पैसे पाठवण्यास त्या योजनेतही मनाई आहे. ‘सर’ कदाचित सांगतील की अडीच लाख डॉलरची मुभा सरकारनेच दिली आहे. मुभा आहे, पण ती या कामासाठी नाही. फेमाचे उल्लंघन झाल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो व्यवहार करणाऱ्यालाही होऊ शकतो. फसवणुकीत पैसे गेलेला माणूस तक्रार करायला कचरतो, त्याचे एक कारण हेच आहे. तरीही तक्रार करावी. गप्प बसण्याने ना पैसे परत येतात ना दोष पुसला जातो.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२मध्ये अशा अनधिकृत मंचांची सावधगिरीची यादी आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केली आणि त्यानंतर तिच्यात वेळोवेळी भर घातली आहे. तुमच्या ॲपचे नाव तेथे शोधा. नाव सापडले तर प्रश्न मिटला, पण सापडले नाही म्हणून ते ॲप अधिकृत ठरत नाही. ही यादी परिपूर्ण नाही, असे रिझर्व्ह बँकेनेच स्पष्ट केले आहे. म्हणून उलट बाजूने तपासावे, म्हणजे ज्या मंचांना परवानगी दिली आहे त्यांच्या यादीत हे नाव आहे का ते पाहावे. निर्यातीच्या बागायतदाराला हे शिकवण्याची खरे तर गरज नाही. तुमचा प्लॉट नोंदणीकृत असतो, रेसिड्यूचा, म्हणजे औषधांच्या उरलेल्या अंशाचा, अहवाल लागतो, आणि ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांच्या नोंदणी-प्रणालीमुळे रॉटरडॅमला उघडलेली पेटी कोणत्या बागेतली आहे याचा माग काढता येतो. चार-साडेचार किलोच्या पेटीमागे एवढी कागदपत्रे तुम्ही देता, आणि दीड लाख रुपये ज्याच्या हवाली करायचे त्याचा पत्ता मात्र विचारत नाही. अनोळखी व्यापाऱ्याला बांधावर उधारीवर माल देऊ नये, हे नाशिक जिल्ह्यात शेंडा खुडायला शिकण्याच्या आधी शिकवतात. आगाऊ रक्कम देऊन दोन गाड्या नेणारा आणि तिसऱ्या गाडीनंतर फोन बंद करणारा व्यापारी प्रत्येक गावाने पाहिलेला आहे. तुमच्या ॲपवर वाढलेले ११,४०० रुपये म्हणजे त्या पहिल्या दोन गाड्या आहेत.

हे ॲप अगदी प्रामाणिक असते तरी काय झाले असते, हे आता पाहू, कारण तुमचा खरा ओढा तेथे आहे.

चलनाचा सौदा नेहमी जोडीचा असतो. युरो-डॉलर जोडीचा भाव १.१००० आहे याचा अर्थ एका युरोला १ डॉलर १० सेंट मिळतात, आणि तुम्ही युरो ‘घेता’ तेव्हा त्याच क्षणी डॉलर विकलेला असतो. भावातील चौथ्या दशांश स्थळाच्या एककाला ‘पिप’ म्हणतात. एक प्रमाण लॉट म्हणजे १ लाख युरो. १:५०० लिव्हरेज म्हणजे हा लॉट घेण्यासाठी तुमच्याकडून फक्त २०० युरो मार्जिन घेतले जाते. हिशेबाच्या सोयीसाठी एक युरो १०० रुपयांचा धरू, म्हणजे तुमचे २०,००० रुपये बरोबर २०० युरो झाले. त्या २०,००० रुपयांच्या मागे तुम्ही १ कोटी रुपयांचा सौदा उभा केला आहे. आता १:५०० हा आकडा उलटा वाचा : भाव पाचशेतल्या एका भागाने, म्हणजे ०.२ टक्के विरुद्ध गेला की संपूर्ण रक्कम संपते. १.१०००चा भाव १.०९७८ झाला, म्हणजे २२ पिप घसरला, की खेळ आटोपला. युरो-डॉलर जोडी कोणतीही मोठी बातमी नसतानाही दिवसभरात पन्नास पिप सहज इकडेतिकडे होते. याचा अर्थ असा की तुमचा अंदाज संध्याकाळपर्यंत बरोबर ठरणारा असला, तरी दुपारच्या एका झोक्यात तुम्ही बाहेर फेकले गेलेले असता. शिवाय घेण्याच्या आणि विकण्याच्या भावात जे अंतर असते, ज्याला स्प्रेड म्हणतात, ते दीड पिप जरी धरले तरी या लॉटवर १५ डॉलर होतात. २२० डॉलरच्या भांडवलातून सौदा उघडताक्षणी जवळपास ७ टक्के वजा झाले. बाग धरण्यापूर्वीच सात टक्के घड काढून टाकण्यासारखे हे आहे, आणि तेही प्रत्येक सौद्याला.

‘स्टॉप-लॉस लावला की तोटा मर्यादित राहतो’ हे वाक्य गटात तुम्ही ऐकलेच असेल. बहुतेक वेळा ते खरे असते. पण स्टॉप-लॉस म्हणजे ठरलेल्या भावाला विकण्याची हमी नव्हे. तो भाव आला की मिळेल त्या भावाला विका, अशी ती सूचना असते. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११पासून एका युरोमागे किमान १.२० फ्रँक अशी मर्यादा राखली होती, आणि तिच्या भरवशावर असंख्य लोकांनी मोठ्या लिव्हरेजने सौदे केले होते. १५ जानेवारी २०१५ रोजी बँकेने ती मर्यादा कोणतीही पूर्वसूचना न देता काढून टाकली. काही मिनिटांत फ्रँक एका क्षणी सुमारे ३० टक्क्यांनी वधारला. मधल्या भावांना घेणारेच नव्हते, त्यामुळे स्टॉप-लॉस लावलेल्यांचे सौदेही फार खाली जाऊन सुटले, अनेकांच्या खात्यात शून्याच्याही खालची शिल्लक उरली आणि काही दलाल कंपन्या त्या तडाख्यात बुडाल्या. हे सर्व रीतसर नियंत्रण असलेल्या देशांत घडले.

त्याच देशांतील आणखी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. युरोपीय संघाच्या रोखे नियंत्रकाने २०१८मध्ये या प्रकारच्या सौद्यांवर निर्बंध आणले, तेव्हा वेगवेगळ्या देशांतील पाहण्यांचा आधार देऊन सांगितले की किरकोळ ग्राहकांच्या ७४ ते ८९ टक्के खात्यांत तोटा होतो. त्यानंतर तेथे प्रमुख चलनजोड्यांवर किरकोळ ग्राहकाला १:३० पेक्षा जास्त लिव्हरेज देता येत नाही. ज्या युरोपात तुमची द्राक्षे जातात, तेथील माणसाला जेवढी जोखीम घ्यायला कायदा मनाई करतो, तिच्या सोळापटींहून अधिक जोखीम तुम्हाला निफाडमध्ये मोबाईलवर दिली जात आहे. आपल्याकडे सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये शेअर बाजारातील फ्युचर्स-ऑप्शन्सचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांना तोटा झाल्याचे आढळले. तो अभ्यास चलनाचा नाही, पण उधारीच्या जोरावर कमी मुदतीचे सौदे करणाऱ्या माणसाचा स्वभाव दोन्ही बाजारांत सारखाच असतो.

डेमो खात्यावर पैसे दुप्पट का झाले, हेही सांगायला हवे. डेमोमध्ये तुमचा प्रत्येक सौदा हव्या त्या भावाला लगेच होतो आणि तोट्यात असतानाही माणूस शांत बसून राहतो, कारण गमावण्यासारखे काहीच नसते. खऱ्या पैशांवर तोच माणूस नफा दिसताच घाईने विकतो आणि तोटा मात्र ‘परत येईल’ म्हणून धरून ठेवतो. ॲपच्या चालकाची बाजूही समजून घ्या. अशा मंचांवर तुमचा सौदा पुष्कळदा खऱ्या बाजारात जातच नाही. तुमच्यासमोरचा पक्ष म्हणजे तो मंचच असतो, आणि तुमचा तोटा हेच त्याचे उत्पन्न असते. जगाच्या चलनबाजारात एप्रिल २०२२च्या पाहणीनुसार दररोज साडेसात लाख कोटी डॉलरची उलाढाल होत होती आणि १००पैकी ८८ सौद्यांत एका बाजूला डॉलर होता. गटातील सर या आकड्याचा उपयोग ‘एवढ्या मोठ्या समुद्रातून दोन ओंजळी आपल्याला मिळणार नाहीत का’ असे म्हणण्यासाठी करतात. परंतु तो समुद्र मुख्यतः बँका, मोठे निधी आणि कंपन्या यांचा आहे, आणि तुमचे २०,००० रुपये त्या समुद्रात पडलेलेच नाहीत.

मी हे काठावर उभा राहून सांगत नाही. नाशिक भागातील निर्यातदारांच्या हिशेबाची कामे मी बरीच वर्षे पाहिली, आणि २०१३ साली मलाही वाटले होते की रोज हे आकडे पाहणाऱ्याला बाजार कळतो. राष्ट्रीय शेअर बाजारात चलनाचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवण्याचे सौदे, ऑगस्ट २००८मध्ये सुरू झाले होते आणि त्या काळी कोणाही निवासी व्यक्तीला ते करता येत. २८ ऑगस्ट २०१३ रोजी रुपया डॉलरमागे ६८च्या पलीकडे गेला आणि डॉलर आता ७५ पाहणार, असे जो तो बोलू लागला. मी सप्टेंबरच्या आरंभी ६७ रुपयांच्या वर पाच लॉट घेतले; एक लॉट १,००० डॉलरचा, म्हणजे रुपयाभर भाव हलला की पाच हजारांचा फरक. ४ सप्टेंबरला रघुराम राजन यांनी रिझर्व्ह बँकेचा कारभार हाती घेतला, अनिवासी भारतीयांच्या ठेवी आणण्यासाठी बँकांना सवलतीची सोय जाहीर झाली, आणि त्या महिन्याच्या १८ तारखेला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने रोखेखरेदी कमी करण्याचा निर्णय पुढे ढकलला. डॉलर ६३च्याही खाली आला. वीस हजारांहून अधिक रुपये तीन आठवड्यांत गेले. रोज संध्याकाळी ‘उद्या सोडवू’ म्हणत मी ते तीन आठवडे घालवले होते, आणि याच काळात माझ्याकडे येणाऱ्या निर्यातदारांना मी ‘ठरलेल्या दिवशी डॉलर विकून मोकळे व्हा’ असा सल्ला देत होतो. माझ्या माहितीत काही कमी नव्हते, पण डॉलर स्वतःच्या खात्यावर घेतल्यानंतर माझे डोके ग्राहकाच्या कामातल्यासारखे चालत नव्हते.

तो मार्ग आज तुमच्यासाठी कितपत खुला आहे? शेअर बाजारात डॉलर, युरो, पौंड आणि येन यांचे रुपयातील वायदे आहेत. युरो-डॉलरसारख्या जोड्यांचेही आहेत आणि त्यांचा हिशेब रुपयात होतो. परंतु रिझर्व्ह बँकेने ५ जानेवारी २०२४च्या परिपत्रकात स्पष्ट केले, आणि ते ३ मे २०२४पासून लागू झाले, की हे वायदे करणाऱ्याकडे मुळात परकीय चलनाची खरी जोखीम असली पाहिजे. दहा कोटी डॉलरपर्यंतच्या सौद्यांसाठी आधी कागद दाखवावा लागत नाही, पण करारातून आलेले देणे किंवा येणे मात्र असावेच लागते आणि विचारणा झाली तर ते सिद्ध करावे लागते. दलालाच्या ॲपवर एक खूण करून ‘माझ्याकडे जोखीम आहे’ असे जाहीर करता येते म्हणून पुष्कळ जण ते करतात. तुम्ही खोटे जाहीर करू नका.

येथे तुमचा दुसरा प्रश्न येतो आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटला. द्राक्षे युरोपात जातात, म्हणजे युरोशी तुमचा संबंध आहे का? निर्यातदाराशी झालेला तुमचा व्यवहार किलोमागे रुपयांत ठरलेला असेल, तर कायद्याच्या दृष्टीने युरोची जोखीम निर्यातदाराची आहे. युरो पाच रुपयांनी पडला तरी ठरलेला भाव तुम्हाला मिळायला हवा, आणि पाच रुपयांनी चढला तरी जादा काही मिळणार नाही. प्रत्यक्षात मात्र तुम्ही आणि मी जाणतो की पूर्ण सत्य एवढे सरळ नसते. युरो पडला की पॅकहाऊसमध्ये मण्यांचा आकार अचानक लहान भरू लागतो, साखरेचे प्रमाण (ब्रिक्स) कमी येते, आणि ‘तिकडे बाजार नाही’ म्हणून अंतिम हिशेबात किलोमागे काही रुपये कापले जातात. म्हणजे कागदावर नसलेली जोखीम तुमच्या खिशात येऊन बसते, आणि चढत्या युरोचा फायदा मात्र येत नाही. त्यावरचा उपाय मोबाईलवर युरोचे सौदे करणे हा नाही, तर निर्यातदाराशी बोलताना काय विचारायचे हे शिकणे हा आहे.

निर्यातदार ही जोखीम कशी झाकतो ते समजून घ्या. जानेवारीच्या अखेरीस न्हावाशेवाहून कंटेनर निघतो. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे बरीच जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि वाटेतले दिवस वाढले. माल पोहोचल्यावर तपासणी होते, विक्री होते, आणि मग पैसे येतात. तोडणीपासून युरो हाती येईपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात, आणि तेवढा काळ युरोचा भाव उघडा असतो. निर्यातदार बँकेत जाऊन म्हणतो, ‘एप्रिलच्या अखेरीस माझे ५०,००० युरो येणार आहेत, त्यांचा भाव आजच ठरवा.’ याला फॉरवर्ड करार म्हणतात. गंमत अशी की यात त्याला बहुधा आजच्या भावापेक्षा थोडा वरचा भाव मिळतो. रुपयावरील व्याजदर युरोवरील व्याजदराहून जास्त असतो आणि फॉरवर्डच्या भावात तो फरक मिळवलेला असतो. समजा, हा फरक वर्षाला ४ टक्के आहे आणि युरो आज १०० रुपयांना आहे, तर तीन महिन्यांनंतरचा भाव १०१ रुपयांच्या आसपास ठरेल. बँकेचे शुल्क जाऊनही ठरलेला आकडा हाती येतो आणि रात्रीची झोप लागते. ज्या निर्यातदाराने असा भाव बांधून घेतला आहे, त्याने ‘युरो पडला’ हे कारण बागायतदाराला सांगणे योग्य नव्हे.

म्हणून सौदा पावती करताना निर्यातदाराला दोन गोष्टी विचारा आणि उत्तर पावतीवर लिहून घ्या : भाव रुपयांत पक्का आहे की तिकडील विक्रीवर अवलंबून आहे, आणि अवलंबून असल्यास युरोचा कोणत्या दिवसाचा कोणता दर धरला जाणार आहे. रोजचा संदर्भ दर एफबीआयएल ही संस्था जाहीर करते आणि तो कोणालाही पाहता येतो, तेव्हा ‘बँकेने जो दिला तो’ हे उत्तर पुरेसे मानू नका. तुमच्या परिसरातील एखादी शेतकरी उत्पादक कंपनी स्वतः युरोत बीजक काढून निर्यात करत असेल, तर त्या कंपनीकडे खरी, करारातली जोखीम असते. तिला बँकेशी फॉरवर्ड करता येतो, वायदेही करता येतात, आणि हे काम समजणारा तरुण सभासद तेथे हवाच असतो. चलनाचे तुमचे कुतूहल जिथे कामी येईल अशी ती जागा आहे, आणि तेथे चूक झाली तर ती पीककर्जाच्या पैशांवर होत नाही.

तिसरा प्रश्न, सुरुवात किती भांडवलावर करावी. भांडवल शून्य आणि एक वही. येत्या गोडी छाटणीपासून, म्हणजे फळासाठीच्या छाटणीपासून, माल उतरेपर्यंतचा काळ घ्या. रोज युरो-रुपया आणि डॉलर-रुपया यांचा संदर्भ दर लिहा आणि शेजारी एका ओळीत उद्याचा अंदाज व त्याचे कारण लिहा. कारण लिहिल्याशिवाय अंदाज मोजायचा नाही. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीची बैठक, युरोपीय मध्यवर्ती बँकेचा आणि अमेरिकेच्या फेडचा व्याजदराचा निर्णय, अमेरिकेतील महागाईचा आकडा, आणि बहुधा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येणारी तेथील रोजगाराची आकडेवारी, या तारखा आधीच लाल शाईने खुणावून ठेवा. युरो-रुपयाचा भाव म्हणजे युरो-डॉलर आणि डॉलर-रुपया यांचा गुणाकार असतो, हे पंधरा दिवसांत आपोआप लक्षात येईल. रुपया स्थिर असतानाही युरो चार रुपयांनी का हलला, याचे उत्तर बहुतेक वेळा तेथे सापडते. मग एकदा बँकेच्या परकीय चलन विभागात जाऊन तीन महिन्यांचा फॉरवर्डचा भाव विचारा, आणि तो तुम्ही कागदावर काढलेल्या भावाशी ताडून पाहा. तो भाव व्याजदरातील फरकावरून काढला आहे, हे तुम्ही बोलून दाखवलेत की समोरचा अधिकारी तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलू लागेल.

वहीतले अंदाज शेवटी मोजाल तेव्हा त्यांतले अर्ध्याहून फार जास्त बरोबर निघणार नाहीत, असे माझे मत आहे. माझे निघाले नव्हते.

पीककर्जाविषयी एवढेच की ते खत, औषधे आणि मजुरी यांसाठी दिलेले असते, आणि वेळेवर परतफेड केली तरच व्याजात सवलत मिळते. ती रक्कम तिकडे वळली, तर तोटा फक्त दीड लाखांचा राहणार नाही. आज रात्री जेवणे झाल्यावर ॲप उघडून वडिलांसमोर ठेवा आणि पैसे काढण्याची विनंती त्यांच्यादेखत नोंदवा. ते रागावतील. त्यांनीही कधीतरी एखाद्या व्यापाऱ्याला उधारीवर माल दिलेला असेल. तो किस्सा तुम्ही लहानपणी ऐकलेला असल्यास त्यांना आठवण करून द्यायला हरकत नाही.